माझ्या हातून बिघडलेली इकॉनॉमी

मला इंग्रजीतला एकच शब्द वाचता येतो. तो मी शाळेत शिकले नाही. माझी शाळा चौथीत सुटली आणि आमच्या गावच्या शाळेत तोवर इंग्रजी नव्हतंच. हा शब्द मी तळवड्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये शिकले, आणि तोसुद्धा अक्षरं म्हणून नाही. पहिलं अक्षर म्हणजे तीन दातांचा कंगवा. दुसरं फुटकी बांगडी, तिसरं अख्खी बांगडी. मग दोन खांब आणि त्यांच्यामध्ये तिरकी टेकवलेली काठी. परत अख्खी बांगडी. मग दोन खांब आणि त्यांच्यामध्ये दरी. शेवटी बेचकी. एवढं सगळं जागच्या जागी असलं की तो शब्द इकॉनॉमी होतो. मोटरसायकलच्या मीटरवर आकडे असतात, त्यातल्या चाळीस-पन्नासच्या आसपास एक हिरवा पट्टा असायचा आणि पट्ट्याशेजारी बारीक अक्षरात हा शब्द. हल्लीच्या गाड्यांवर तो दिसत नाही. ज्यांनी जुन्या गाड्या चालवल्या त्यांनाही तो आठवेल असं वाटत नाही, कारण मीटरकडे बघताना लोक काटा बघतात. मी मात्र तीन वर्षं दिवसभर तेवढाच एक शब्द बघितला.

आम्ही मराठवाड्यातून आलो तेव्हा माझा शाळेचा दाखला गावाकडेच राहिला. तो आणायला जायचं जायचं म्हणून बापूंनी दोन दिवाळ्या घालवल्या आणि मग त्याबद्दल कोणी बोलेनासं झालं. तळवड्यात तेव्हा निम्मं गाव शेतीचं होतं आणि निम्म्यात शेड उभ्या राहत होत्या. आमची खोली एका ओळीतल्या सात खोल्यांपैकी शेवटची. मागच्या भिंतीला लागून पत्रा कापायचा कारखाना होता. त्याचं मशीन सकाळी सुरू झालं की धप्प, धप्प, धप्प असा आवाज भिंतीतून यायचा आणि मांडणीवरची पितळेची ताटं प्रत्येक धप्पबरोबर किंचित वाजायची. सुरुवातीला आईचं डोकं दुखायचं. पुढे तिला सवय अशी झाली, की आठवड्याच्या सुट्टीला आवाज नसला म्हणजे तिला करमायचं नाही. "आज कसं मेल्यागत वाटायलंय," असं म्हणायची. आमच्याकडे घड्याळ होतं, पण आई वेळ ओळखायची ती भोंग्यांवरून. लांबच्या मोठ्या कंपनीचा भोंगा आधी, मग बारका, मग बापूंच्या फाउंड्रीचा. बापू तिथे ठेकेदाराकडे होते. लोखंड वितळवून गाड्यांच्या इंजिनांचे भाग ओतायचं काम. घरी आले की आधी दाराबाहेर दगडावर बसून खोकायचे. नाकातून, कानातून काळं निघायचं. आई त्यांच्यासाठी वेगळं पाणी तापवून ठेवायची आणि ते अंग धूत असताना आत येसराची आमटी उकळत असायची. गावाकडून आणलेलं येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ, ती चिमटीनं वापरायची, संपलं की वर्षभर मिळणार नाही म्हणून. त्या आमटीचा वास आणि बापूंच्या कपड्यांचा जळक्या मातीचा वास एकमेकांत मिसळून जायचे. अजून कधी कुठे आमटीला जास्त खरपूस वास आला की मला तो दगड दिसतो.

सोळावं लागल्यावर मला शेडमध्ये लावलं. मीटरची तबकडी तिथे छापत, तिला सगळे डायल म्हणायचे. लाकडी चौकटीत ताणलेलं जाळीचं कापड, त्याला स्क्रीन म्हणत. स्क्रीनखाली डायल ठेवायचा, वर शाई ओतायची आणि रबराची पट्टी एका दमात ओढायची. हात मधेच थांबला की शाई पसरते. आम्ही चार बाया होतो. पांढरे आकडे एकीनं छापायचे, हिरवा पट्टा दुसरीनं, आणि तो शब्द मी. सगळ्यात शेवटी मंदाबाई. त्या प्रत्येक डायल उचलून बघायच्या, कुठे ठिपका उडालेला असला तर चिंधीला थिनर लावून पुसायच्या, आणि डायल वाळत ठेवलेली अख्खी रॅक पाहून झाली की तिच्या चिठ्ठीवर बरोबरची खूण करायच्या. त्यांना लिहिता येत होतं ते तेवढंच. ज्या डायलवर माझा शब्द होता त्यांना आम्ही इकॉनॉमीवाले म्हणायचो आणि त्या कामाला नुसतं इकॉनॉमी. "आज इकॉनॉमी किती झाली?" "आज इकॉनॉमी खराब निघतीय गं, शाई घट्ट झालीय." "इकॉनॉमी वाळली का बघ." दिवसातून पन्नास वेळा हा शब्द तोंडात यायचा. त्याचा अर्थ काय, हे कोणी कोणाला विचारलं नाही. एकदा पांढरे आकडे छापणारीनं म्हटलं होतं, की ते गाडीच्या बाईचं नाव असेल. त्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो. मीसुद्धा, तोंडाला पदर लावून.

मला बोलायला जमत नसे. अजूनही जमत नाही. कोणी विचारलं तर उत्तर मनात तयार असतं, पण ते ओठापर्यंत येईतो समोरचा पुढे गेलेला असतो. मंदाबाईंना याची फार गंमत वाटायची. "ह्या पोरीच्या तोंडाला कुलूप हाय," असं त्या सगळ्यांना सांगायच्या, "आन किल्ली मराठवाड्यातच ऱ्हायली." त्या तळवड्याच्याच, जुन्या घरातल्या. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं, दिराच्या घरात राहायच्या. आमची शेड होती ती जमीनही पूर्वी त्यांच्याच घरची. "हितं आमची ज्वारी व्हती," असं म्हणून त्या टेबलाखाली पाय आपटून दाखवायच्या. "ह्या टेबलाच्या जागी. कणसं अशी खांद्याला लागायची." शेडमधल्या पहिल्या बाई त्या. साहेब मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून जेव्हा एका टेबलावर धंदा सुरू करून बसले, तेव्हा दुसरं माणूस म्हणजे मंदाबाई. साहेब त्यांना कधी जोरात बोलत नसत. मंदाबाईंना या कामाची किंमत का होती, ते त्यांनी मला एकदा मिश्री लावता लावता सांगितलं होतं. त्यांच्या घरी चार म्हशी होत्या. "घरात बसले का जाऊ म्हननार, बसल्या बसल्या म्हशीचं बघा. एकदा का त्या गोठ्यात गेले, का मी घरची गडीच. ना पगार, ना सुट्टी, ना कुनी बाई म्हनून हाक मारनार. हितं मला मंदाबाई म्हनत्यात, पोरी. घरी 'ए' म्हनत्यात." एवढं सांगून त्या चूळ भरायला गेल्या.

मला काम त्यांनीच शिकवलं. कंगवा, फुटकी बांगडी, अख्खी बांगडी हे त्यांचंच. खिळ्याला एक नमुन्याचा डायल टांगलेला होता, तो बघायचा आणि आपला बघायचा. पहिल्या वर्षी त्या माझा एकेक डायल डोळ्यांशी नेऊन तपासायच्या. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या डायल लांब धरून खिडकीकडे करायला लागल्या होत्या. त्यांना दिसायला कमी झालं होतं, हे मला कळत होतं. पण माझ्या कामावर त्यांचा इतका भरवसा बसला होता, की माझ्या रॅकवर त्या वरवर नजर फिरवायच्या आणि खूण करायच्या. "तुझ्या हातचं मी बघत बी न्हाई," म्हणायच्या. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

एका दुपारी स्क्रीनच्या जाळीत वाळलेल्या शाईचा कण अडकला. तो नेमका तिसऱ्या अक्षरावर, उजव्या अंगाला. त्यामुळे अख्खी बांगडी छापली जायच्या ऐवजी तीही फुटकीच निघायला लागली. कंगवा, फुटकी बांगडी, परत फुटकी बांगडी. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं. पण त्या दिवशी मला अंगात कसकस होती आणि हात आपोआप चालले होते. लक्षात आलं तेव्हा पाचवी रॅक चालू होती. मी स्क्रीन पुसली, पाचवी रॅक दुरुस्त केली. आधीच्या चार रॅक मंदाबाईंच्या टेबलावरून पुढे गेल्या होत्या, त्यांच्या चिठ्ठ्यांवर खूण झाली होती आणि टेम्पोत चढत होत्या. मी दारापर्यंत गेले. टेम्पोवाला दोर बांधत होता. "काय पायजे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." आणि परत येऊन बसले.

पुढचे काही दिवस मी टेम्पोच्या आवाजाला दचकायची. काही झालं नाही. मग एका सकाळी साहेब शेडमध्ये आले ते मान खाली घालून. त्यांच्या हातात कसला तरी कागद होता. आम्हाला चौघींना जवळ बोलावून म्हणाले, "बायांनो, इकॉनॉमी फार खराब झालीय. कंपनीनं ऑर्डर निम्म्यावर आणली. अशीच राहिली तर मला दोन बाया कमी कराव्या लागतील. कोण ते मी अजून ठरवलं नाही." आणि केबिनमध्ये निघून गेले. बाकीच्या बाया ऑर्डरबद्दल बोलायला लागल्या. मला मात्र पहिलंच वाक्य ऐकू आलं होतं. इकॉनॉमी खराब झालीय. शेडमध्ये या वाक्याचा एकच अर्थ होता आणि ते काम एकटीचं होतं, माझं. चार रॅक परत आल्या, कंपनीला कळलं, म्हणून ऑर्डर कापली, अशी सगळी साखळी माझ्या मनात एका क्षणात लागली. मंदाबाईंनी मला चहा दिला तो मी हातात धरून बसले आणि त्यावर साय धरली.

घरी आले तर बापू घरात. एवढ्या उजेडी ते कधी घरात नसत. दगडावर न बसता ते खाटेवर बसले होते, अंग धुवायचं कारणच नव्हतं, कारण अंगाला काळं लागलंच नव्हतं. ठेकेदारानं गेटवरूनच परत पाठवलं होतं. आई त्यांना परत परत विचारत होती, काय झालं, भांडलात का कोणाशी. बापू म्हणाले, "भांडन कशाचं. गाड्याच खपंनात म्हणं. तेच्यामुळं आमचं बी बंद. ती कायतरी इकॉनॉमी बिघडली म्हणं."

मी पाण्याचा हंडा खाली ठेवत होते तो तसाच ओणवी होऊन धरून राहिले. आज हे लिहिताना मला स्वतःचं हसू यायला हवं, पण येत नाही. तेव्हा मला ते सूर्यप्रकाशासारखं स्वच्छ दिसलं होतं. मी छापलेले डायल मीटरात बसले, मीटर गाड्यांना बसले, त्यावरचा शब्द चुकीचा म्हणून गाड्या कोणी घेईना, गाड्या खपत नाहीत म्हणून इंजिनं नकोत, म्हणून फाउंड्री बंद, म्हणून बापू खाटेवर. यात कुठे फट नव्हती. पुढच्या दोन दिवसांत आमच्या ओळीतले आणखी तीन पुरुष घरी बसले. एक पत्र्याच्या कारखान्यातला होता. भिंतीतला धप्प आवाज निम्म्या दिवसावर आला. ताटं वाजायची थांबली. सगळ्या खोल्यांच्या दारांत दिवसा पुरुष बसलेले, विडी ओढत, आणि बायका त्यांना ओलांडून पाणी आणायला जायच्या. प्रत्येकाच्या तोंडी तो शब्द. कोणी इकॉनॉमी म्हणे, कोणी इकोनामी, एक म्हातारा "इकनामी" म्हणायचा. मी मान वर न करता त्या सगळ्यांच्या पुढून जायची. मला वाटायचं, यांच्यापैकी एकाला जरी कळलं, तर हे मला इथेच उभी जाळतील. जेवताना माझ्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं. आई म्हणाली, "यमे, ताटावर बसून रडू नको. अन्न रुसतंय." बापूंनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी उचलून माझ्या ताटात टाकली. त्यांना वाटलं मला भूक जास्त आहे आणि मी मागत नाही.

त्या अर्ध्या भाकरीनं मला उठवलं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा साहेबांच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघायला वेळ लावला.

"काय गं, रजा हवीय का?"

"साहेब, इकॉनॉमी माझ्यामुळं खराब झाली."

"काय झाली?"

"खराब. माझ्या हातून. बाकीच्या कोणाला काढू नका. मला काढा. आणि बापूंच्या फाउंड्रीत पण सांगा, की आता दुरुस्त झाली म्हणून. मी स्क्रीन धुतलीय."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. किती दिवसांनी ते हसत होते कोण जाणे. फोन उचलून कोणाला तरी म्हणाले, "अहो, गुन्हेगार सापडला! दिल्लीत उगाच शोधतायत. माझ्या शेडमध्ये आहे, स्क्रीन मारते." फोन ठेवून त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. मग त्यांनी मला शाळेतल्या गुरुजींसारखं समजावलं. म्हणाले, "अगं, ही खराब झालेली इकॉनॉमी वेगळी. ती सगळ्या देशाची असते. लोक काय विकत घेतायत, काय विकतायत, कोणाला काम आहे, कोणाला नाही, हे सगळं मिळून एक. देशाचा संसार समज. तो सध्या ओढगस्तीत आहे."

"आणि डायलवरची?"

"ती म्हणजे काटकसर. काटा त्या हिरव्या पट्ट्यात ठेवून गाडी चालवली की पेट्रोल कमी जळतं. एवढंच."

"मग दोन्हीला एकच शब्द कसा?"

"ते इंग्रजांना विचार," साहेब म्हणाले आणि परत हसले.

माझ्या डोक्यावरून केवढं मोठं ओझं उतरलं हे मला सांगता येणार नाही. बापू माझ्यामुळे बसलेले नव्हते. कोणीच माझ्यामुळे बसलेलं नव्हतं. मी वळले. तेव्हा साहेबांचं हसू थांबलं होतं. "थांब जरा," ते म्हणाले. "पण तू म्हणतेस खराब झाली, म्हणजे नेमकं काय झालं होतं?" हलकं झालेलं माणूस बेसावध असतं. मी सगळं सांगितलं. कण, फुटकी बांगडी, चार रॅक. साहेब म्हणाले, "कंपनीत कोणी बघितलंसुद्धा नाही. गाड्या रस्त्यावर फिरत असतील." मग थोडा वेळ पेन टेबलावर वाजवत बसले. "त्या रॅकच्या चिठ्ठ्यांवर खूण कोणाची होती?"

मी म्हटलं, "मंदाबाईंची."

त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं. त्या वेळी मला त्यात दुसरं काही दिसलं नाही. बायका कमी करायच्याच होत्या. पण पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्या बाईला, जिच्या घरच्या जमिनीवर आपण उभे आहोत तिला, जा असं कसं म्हणायचं, हे साहेबांना जमत नव्हतं. ते मी त्यांना सोपं करून दिलं. दोन दिवसांनी त्यांनी मंदाबाईंना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. कागद इंग्रजीत होता. साहेब हळू आवाजात सांगत होते, चार रॅक खराब गेल्या, तुमची खूण होती, कंपनीपुढे मला काहीतरी दाखवावं लागेल. मंदाबाईंनी विचारलं, "कागूद कशाला सायब? जा म्हना, जाते." साहेब म्हणाले, पुढेमागे कटकट नको म्हणून, आणि शिवाय, मंदाबाई, सध्या सगळीकडेच काटकसर चालू आहे. मंदाबाई म्हणाल्या, "व्हय. घरात बी काटकसर काढली का आदी म्हातारीच्या ताटातलं तूप बंद करत्यात." आणि त्यांनी अंगठा दिला. निळी शाई त्यांनी आमच्याच थिनरनं पुसली. हिरवा पट्टा छापणारीही त्याच दिवशी गेली, पण तिला कागद नव्हता.

नळावर हात धुताना त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. "कुनी सांगितलं असंल गं सायबाला? मला तर त्या रॅका आठवत बी न्हाईत." मी नळ बंद केला, परत चालू केला. "तुला काय कळलं का?" मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "जाऊ दे. तुला कळलं असतं तर तू सांगितलं असतंस मला."

माझा मुलगा आता चाकणला एका कंपनीत आहे, ठेक्यावरच. महिन्या-दोन महिन्यांनी तो जेवताना म्हणतो, मार्केट डाउन आहे, बघू. सूनबाई विचारते, म्हणजे नक्की काय झालं? तो म्हणतो, तुला नाही कळणार. मी भांडी आवरायला घेते. मला तो शब्द दोन्ही अर्थांनी कळतो, हे घरात कोणाला माहीत नाही.

मंदाबाईंना काढल्यावर सहा-सात महिन्यांनी, दसऱ्याच्या आधी, ऑर्डरी परत यायला लागल्या. दसऱ्याला लोक गाड्या घेतात. बापूंनाही फाउंड्रीत परत बोलावलं, ते पुन्हा दगडावर बसून खोकू लागले आणि आईला बरं वाटलं. शेडमध्ये तोवर छापायचं आणि तपासायचं, दोन्ही मीच करत होते. आता माणसं हवी होती. साहेब मला म्हणाले, "मंदाबाईंकडे जाऊन ये. म्हणावं, साहेबांनी बोलावलंय." मी गेले. मंदाबाई अंगणात घमेल्यात पेंड भिजवत होत्या, कोपरापर्यंत हात बरबटलेले. निरोप ऐकून त्या उठल्या. हात धुतले, पदरानं पुसले, परत धुतले. "खरं म्हनतीस? सायब सोता म्हनला?" मग मला आत नेऊन ताक दिलं आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "येते. पर एक सांग त्याला. त्यो कागूद फाडून टाक म्हनावं. आन चुकी मंदाची न्हवती, एवढं सगळ्या बायांम्होरं एकडाव बोल म्हनावं. गावात जाऊ सांगत फिरती, आंधळी झाली म्हनून काढली. तेवढं बोल म्हनावं, मंग उद्याच्या उद्या येते. निरोप आन मला. व्हय का न्हाई, काय बी असू दे, पर आन."

मी हो म्हणून मान डोलावली. रस्ताभर मी ते वाक्य मनात घोळवत आले. कागद फाडा आणि चूक त्यांची नव्हती एवढं सगळ्यांसमोर बोला. अवघड नव्हतं. साहेब फोनवर होते. मी दारात उभी राहिले. एकदा याच दारात मी बोलले होते आणि त्याचं काय झालं ते मला माहीत होतं. आता बोलले तर ते विचारतील, मग चूक कोणाची होती म्हणून सांगू बायांना? आणि खरं सांगायचं तर मंदाबाईंच्या टेबलावर आता मी बसत होते, खिडकीजवळ. अर्धा दिवस तरी रबराची पट्टी ओढावी लागत नव्हती, खांदा दुखायचा कमी झाला होता. साहेबांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "काय म्हणाली?"

"नाही येत म्हणाल्या."

"बरं. मग चेकिंग तूच बघ," ते म्हणाले आणि पुन्हा फोनवर बोलू लागले. तेवढंच. मंदाबाईंना निरोप देण्याचं मी आजचं उद्यावर टाकलं, उद्याचं परवावर. मग त्यांच्या घरावरून जाणारा रस्ताच सोडला.

दसरा झाल्यावर गिरणीत त्यांची जाऊ भेटली. ती मला शेडमधली म्हणून ओळखत होती. गिरणीच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागत होतं आणि ती हसतही होती. "तुमची मंदाबाई तीन दिस उंबऱ्यावर बसून व्हती, धुतलेलं पातळ नेसून. सकाळ झाली का बसायची. इच्यारलं, कुनाची वाट बघती गं? तर म्हनं शेडातनं निरोप यायचाय." माझं दळण पुढे सरकलं होतं, मी डब्याला हात घातला. ती आपणहून म्हणाली, "चवथ्या दिशी गेली बाई गपगुमान परत गोठ्यात, म्हशीखाली धारा काढाया."